लैंगिक अत्याचारानंतर सावरताना : या वाटेवर नुकतंच पाऊल टाकलेल्यांसाठी

थेरपिस्टकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने काय झालं ते विचारलंच नाही. तिने विचारलं, "कुठे बसाल?" खोलीत तीन खुर्च्या होत्या. मी दाराजवळची घेतली, पाठ भिंतीला येईल अशी, आणि पूर्ण वेळ पर्स मांडीवर धरून बसले. पाऊण तास आम्ही माझ्या झोपेबद्दल बोललो. जिना उतरताना मी मनात म्हटलं, पैसे वाया गेले, मुद्द्याचं काही झालंच नाही. त्या खुर्चीचा प्रश्न हाच मुद्दा होता, हे कळायला मला बरेच महिने लागले.

अत्याचारात माणसाचं पुष्कळ काही जातं, पण सगळ्यात आधी जातं ते स्वतःचं म्हणणं. माझ्या अंगाला कोण हात लावणार, कधी, किती वेळ, यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही. म्हणून सावरताना प्रत्येक पायरीवर एवढंच तपासत राहा : इथे माझं म्हणणं चालतंय का? डॉक्टर कितीही नावाजलेला असो, आई-बहीण कितीही मायेची असो, तुमच्या वतीने परस्पर ठरवलं जाऊ लागलं की ती जुनी जागा पुन्हा ठणकायला लागते.

हा लेखही त्याच मापाने वाचा. मधलेच भाग वाचा, शेवट आधी वाचा, छाती भरून आली तर बंद करा. माझ्यासोबत काय घडलं त्याचं वर्णन यात कुठेही येणार नाही, तेव्हा त्या धास्तीने वाचू नका. मी डॉक्टर नाही. लहानपणी झालेल्या अत्याचारानंतर पस्तिशीत मदत घ्यायला लागलेली, आणि त्यानंतर आधारगटात इतरांसोबत बसलेली बाई आहे. खालच्या पायऱ्यांना आकडे दिलेत ते सोयीसाठी. प्रत्यक्षात माणूस तिसरीवरून पहिलीवर येतो, पाचवी गाळतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

१. घटना अलीकडची असेल तर

हे पटकन सांगते, कारण इथे घड्याळ चालू असतं. आधी दवाखाना गाठा. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भ राहू नये यासाठीच्या गोळ्या पाच दिवसांपर्यंत देतात, पण उशीर होईल तसा त्यांचा भरवसा कमी होतो. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा त्याहून खात्रीचा उपाय. हिपॅटायटिस बीची लस आणि इतर संसर्गांवरच्या औषधांबद्दलही तिथेच विचारा. गळा दाबला गेला असेल तर मानेवर वळ नसला तरी थेट आपत्कालीन विभागात जा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोकं जड होणं ही लक्षणं उशिरा उमटू शकतात आणि ती साधी नसतात.

तक्रार करायची की नाही हे तुम्ही त्या रात्री ठरवलेलं नसेल. तरीही पुरावा जपून ठेवता येतो. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नका, अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. गुंगीचं काही पाजल्याचा संशय असेल तर तसं लगेच सांगा, कारण काही औषधांचा माग रक्त-लघवीतून काही तासांतच पुसला जातो. अंघोळ करून झाली असेल, कपडे धुतले असतील, तरी जा. धुवावंसं वाटणं यात विचित्र असं काही नाही. डॉक्टरांना ही माहिती कायद्याने पुढे कळवावी लागते का, हे बोलायला सुरुवात करण्याआधी विचारून घ्या. तपासणीच्या टेबलावर "थांबा" म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायला लावा.

अत्याचार अजून चालू असेल, करणारा त्याच घरात असेल, तर बाकी सगळं बाजूला. तेव्हा पहिलं काम एकच, अंतर. कागदपत्रं, थोडे पैसे, नेहमीची औषधं, एक जादा किल्ली, आणि ज्याला फोन केला तर तो प्रश्न न विचारता येईल असं एक माणूस. जीव नकोसा झाला असेल तर ते आजच कोणालातरी स्पष्ट शब्दांत सांगा, "मला मरावंसं वाटतंय" असं, आडून नाही. आणि रात्री एकटं राहू नका. अशा वेळी आपत्कालीन सेवेला फोन करणं म्हणजे तमाशा करणं नव्हे.

२. "मी ओरडले का नाही?"

या एका प्रश्नावर लोक वीस-वीस वर्षं घालवतात. मीही घालवली. आधारगटात नवीन आलेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हा प्रश्न घेऊनच येते, फक्त शब्द वेगळे : मी पळाले का नाही, हात का झटकला नाही, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशी नीट का बोललो.

याचं उत्तर शरीरात आहे. धोका दिसला की शरीर लढतं किंवा पळतं एवढंच आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. तिसरी प्रतिक्रिया कोणी सांगत नाही : ते गोठतं. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही, कधीकधी आपण वरून, छताजवळून सगळं बघतोय असं वाटतं. स्टॉकहोममध्ये अत्याचारानंतर आपत्कालीन केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी घटनेच्या वेळी शरीर असं लक्षणीय प्रमाणात ताठरून गेल्याचं सांगितलं होतं. हा निर्णय कोणी घेत नाही. मेंदूचा विचार करणारा भाग त्या वेळी मागच्या बाकावर ढकलला गेलेला असतो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, म्हणून सरळ सांगते. अत्याचार होत असताना शरीराने लैंगिक प्रतिसाद दिला असेल, ओल आली असेल, ताठरता आली असेल, वीर्यस्खलनही झालं असेल, तरी ती संमती नव्हती. गुदगुल्या केल्या की हसू येतं. ते आनंदाचं नसतं. पुरुषांच्या बाबतीत तर हीच एक गोष्ट त्यांचं तोंड आयुष्यभर बंद ठेवते. आमच्या गटात एक साठीचे काका होते. तीन महिने गप्प बसून राहिले, आणि ज्या दिवशी कोणीतरी हे वाक्य बोललं त्या दिवशी उठून बाहेर गेले, तोंड धुऊन आले, आणि पहिल्यांदा बोलले.

तिसरी गोष्ट, घटनेनंतरचं वागणं. १९७४ साली अ‍ॅन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ या दोघींनी बॉस्टनच्या रुग्णालयात आलेल्या स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. काही जणी रडत, थरथरत होत्या. काही इतक्या शांत की बघणाऱ्याला वाटावं काही झालंच नाही. दोन्ही धक्क्याच्याच तऱ्हा. तेव्हा दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेला असाल, हसला असाल, तर त्यावरून स्वतःवर खटला चालवू नका.

हे सगळं वाचून अपराधीपणा जात नाही, हेही मला माहीत आहे. डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही. माझ्या थेरपिस्टने एक काम दिलं होतं : त्या वयाचं एखादं मूल दिसलं की त्याच्या हाताच्या पंजाकडे बघायचं. बस्स, एवढंच. एका लग्नात शेजारच्या खुर्चीवर एक आठ वर्षांची मुलगी बसली होती, तिची बोटं जेमतेम माझ्या तळहाताएवढी. या बोटांनी मी कोणाला ढकलणार होते?

३. अंग थाऱ्यावर आणणं

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि जे गेलं त्याचा शोक, मग पुन्हा जगाशी नातं. नवखे लोक दुसऱ्यापासून सुरुवात करायला बघतात. "एकदा सगळं ओकून टाकलं की सुटेन" असं वाटतं. तसं होत नाही. अंग थाऱ्यावर नसताना उपसलेल्या आठवणी माणसाला बुडवतात. घटनेनंतर लगेच बसवून सगळं तपशीलवार बोलायला लावायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही.

तर थाऱ्यावर आणायचं म्हणजे काय? आधी बिघडतं काय ते बघू. फ्लॅशबॅक, म्हणजे जुनी घटना आत्ता पुन्हा घडतेय असं अंगाला वाटणं, ही नुसती वाईट आठवण नव्हे. साध्या आठवणीवर "हे तेव्हाचं" असा शिक्का असतो. जबर भीतीच्या क्षणी मेंदूचं ते शिक्के मारायचं काम विस्कटतं, आणि वास, आवाज, अंगावरचा दाब हे सगळं सुटं-सुटं साठतं. पुढे कधी तोच वास आला की धोक्याची घंटा वाजवणारा भाग, बदामाएवढा, आत्ताच घडतंय असं धरून चालतो. पोट आवळतं, तळहात घामेजतात, आणि आपल्याला कारणही कळत नाही.

माझं कारण होतं दाढीच्या साबणाचा एक विशिष्ट वास. एकदा लिफ्टमध्ये एक सद्गृहस्थ शिरले, आणि पुढच्या मजल्यावर मी बाहेर. जिन्यात लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होते. कठडा गार होता, रंगाचे पोपडे निघालेले. मी नखाने एक पोपडा खरवडला आणि मोठ्याने म्हटलं, "आज मंगळवार. मी एकेचाळीस वर्षांची आहे. हा जिना आहे. खाली दार उघडं आहे." तीन वेळा म्हटलं. चौथ्या वेळी मला रस्त्यावरचे आवाज ऐकू यायला लागले.

हे तंत्र तुमच्यासाठी असं : डोळे उघडे ठेवा. पायाचे तळवे जमिनीत रोवा. आजचा वार, तुमचं आताचं वय, तुम्ही कुठे आहात ते आवाज काढून म्हणा. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा; मेणबत्तीची ज्योत विझू न देता नुसती हलवायची असते तशी फुंकर. हे पहिल्यांदा संकटातच करून बघू नका. पोहायला शिकतात ते उथळ पाण्यात. रोज शांत असताना दोन मिनिटं सराव झाला की गरज पडेल तेव्हा अंग आपोआप तिकडे वळतं.

एक इशारा. "डोळे मिटून खोल श्वास घ्या, ध्यान करा" हा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. अत्याचारातून गेलेल्या बऱ्याच जणांना डोळे मिटल्यावर आणि लक्ष शरीरात नेल्यावर उलट जास्त भीती वाटते. तसं झालं तर तुमची साधना कच्ची वगैरे काही नाही. डोळे उघडा, उठा, चाला, भांडी घासा.

रात्रीचं थोडं. दिवा लावून झोपा, दाराला कडी लावून झोपा, पलंग फिरवून दार दिसेल असा करा, मोठे झालात म्हणून लाजू नका. तेच ते स्वप्न पडत असेल तर दिवसा, उजेडात, ते कागदावर लिहून त्याचा शेवट स्वतः बदला आणि तो बदललेला शेवट रोज थोडा वेळ मनात फिरवा. विचित्र वाटतं, पण वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर ही रुळलेली उपचारपद्धती आहे. दारूने झोप लागते आणि पहाटे तीनला मोडते. त्या तीननंतरच्या तासाची किंमत फार असते.

४. कोणाला सांगायचं, किती सांगायचं

सगळ्यांना सांगणं म्हणजे धैर्य आणि न सांगणं म्हणजे भेकडपणा असं कोणीतरी पसरवून ठेवलंय. मला ते मान्य नाही. सांगणं हे साधन आहे, परीक्षा नाही.

माणूस पारखून घ्या. आधी एखादी लहानशी खाजगी गोष्ट त्यांना सांगून बघा. ती आठवड्याभरात दुसऱ्याच्या तोंडून तुमच्याकडे परत आली तर तो माणूस बाद. मग एक वाक्य आधीच तयार करा आणि तेवढंच बोला. मी ताईला सांगितलं तेव्हा वाक्य वहीत लिहून नेलं होतं : "ताई, लहान असताना माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला होता. कोणी आणि कसा ते आज सांगणार नाही. तू फक्त ऐक."

ताईचा पहिला प्रश्न होता, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

वर्षानुवर्षं ज्याला घाबरले तेच वाक्य. मी उठून गेले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मी चुकीचं बोलले. मला काय बोलायचं ते सुचलं नाही. तुला माझ्याकडून काय हवंय?" मी म्हटलं, "रोज फोन कर. पण याबद्दल तू होऊन विचारू नकोस." तिने आजवर एकदाही विचारलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पहिली प्रतिक्रिया चुकली म्हणून माणूस चुकीचाच निघतो असं नाही. दुसरी प्रतिक्रिया बघावी. तीही "जाऊ दे, विसर आता" अशी असेल तर त्या दारावर पुन्हा जायचं कारण नाही.

तुम्ही वाचताय ते जवळच्या कोणासाठी वाचत असाल तर तुमच्यापुरतं एवढंच : "माझा तुझ्यावर विश्वास आहे." "चूक तुझी नव्हती." "आत्ता काय केलं तर बरं वाटेल?" आणि मिठी मारण्याआधी विचारा. करणाऱ्याचा जीव घ्यायच्या गोष्टी तिच्यासमोर करू नका; मग तुम्हाला शांत करायचं काम तिच्यावर येतं.

५. थेरपिस्ट निवडणं

आघातानंतरच्या त्रासाला, ज्याला पीटीएसडी म्हणतात, अमेरिकेच्या मानसोपचार वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली १९८० साली, आणि त्यामागे मोठा रेटा होता तो व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा. पण आज चालणाऱ्या काही भक्कम उपचारपद्धती लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांसोबत काम करताना आकाराला आल्या, हे फार जणांना ठाऊक नसतं. पॅट्रिशिया रेसिक यांची विचारप्रक्रियेवर काम करणारी पद्धत त्यातलीच; साधारण बारा बैठकींत "चूक माझी होती", "कोणावरच विश्वास ठेवता येत नाही" असल्या पक्क्या झालेल्या वाक्यांची उलटतपासणी घेते. एडना फोआ यांच्या पद्धतीत टाळलेल्या आठवणी आणि जागांकडे ठरवून, हळूहळू, वारंवार जायचं असतं. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवत नेतात. ही फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केली. तीनही पद्धतींच्या पाठीशी चांगले अभ्यास आहेत. कोणती चांगली यावर रात्री जागवू नका. ज्या माणसासमोर तुम्ही खुर्ची न आवळता बसू शकता तो माणूस जास्त मोलाचा.

पहिल्या भेटीत तुम्हीच मुलाखत घ्या. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या लोकांसोबत किती काम केलंय? कोणती पद्धत वापरता? मी "आज नको" म्हटलं तर काय कराल? गुप्तता कुठे संपते? शेवटच्या दोन प्रश्नांना समोरचा चिडला किंवा गोल-गोल बोलला तर उठा. मी दुसऱ्या एका समुपदेशकाकडे गेले होते. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "त्या माणसाला माफ केल्याशिवाय तुम्ही मोकळ्या होणार नाही." मी फी दिली आणि परत गेले नाही. ती फी मला अजूनही सत्कारणी लागली असं वाटतं.

थेरपिस्टने अंगाला न विचारता हात लावणं, बाहेर भेटायला बोलावणं, "हे आपल्यातच राहू दे" म्हणणं, यातलं एकही घडलं तर तो उपचार नव्हे. आणि संमोहनाने दडलेल्या आठवणी बाहेर काढून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. स्मृती लवचिक असते. सुचवलेल्या गोष्टी त्यात खऱ्यासारख्या मुरतात. तुम्हाला तुकडे-तुकडेच आठवत असतील, क्रम लागत नसेल, तरी त्याने तुमचं खरं खोटं ठरत नाही आणि बरं होण्यासाठी पूर्ण चित्र हवंच असंही नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालीनसारखी औषधं पीटीएसडीवर देतात, परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नसतात. गुंगी आणणाऱ्या, लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची मात्र सवय लागते आणि मूळ त्रासावर त्या काम करत नाहीत. गोळी घेणं हार नव्हे. मी दीड वर्ष घेतली.

६. स्वतःच्या अंगाशी पुन्हा ओळख

अत्याचारानंतर शरीर हे गुन्ह्याची जागा होऊन बसतं. काही जण त्याच्याकडे बघणं सोडतात : केस विंचरताना आरशात नजर नाही, दुखणं अंगावर काढणं, दातांच्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षं न जाणं. दातांच्या डॉक्टरचं ऐकून हसू नका. आडवं पडायचं, तोंड उघडं, वरून एक चेहरा, बोलता येत नाही, आता कळलं? मी अखेर गेले तेव्हा आधीच सांगितलं, "मला आडवं पडण्याचा त्रास होतो. मी हात वर केला की थांबाल का?" त्यांनी कारण विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. पाच वेळा हात वर केला, पाचही वेळा थांबले. स्त्रीरोगतज्ज्ञाकडेही हेच वाक्य चालतं.

सुरुवात लैंगिक संबंधांपासून नको. आधी साध्या गोष्टी : अंघोळीचं पाणी किती गरम हवं ते ठरवणं, हाताला तेल चोळताना फक्त कोपरापर्यंतच चोळणं आणि तिथे थांबणं. थांबता येतं, हे अंगाला कळायला हवं.

जोडीदार असेल तर त्याच्याशी किंवा तिच्याशी कपडे अंगावर असताना, दिवसा, बेडरूमबाहेर बोला. काय चालेल, काय नाही, कोणती जागा सध्या वर्ज्य, आणि थांबायचा शब्द कोणता. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० साली मांडलेला एक सराव लैंगिक समस्यांवरच्या थेरपीत अजूनही वापरतात : ठरलेल्या वेळापुरता नुसता स्पर्श, गुप्तांगं आणि संभोग दोन्ही वर्ज्य. पुढे काही होणारच नाही हे पक्कं ठाऊक असलं की अंग सैल पडतं. मध्येच मन निघून गेलं, छताकडे बघत राहिलात, तर थांबा. सहन करून पार पाडलेली प्रत्येक वेळ शरीर जुन्याच खात्यात जमा करतं. योनीचे स्नायू आपोआप आवळून दुखत असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात. संबंध नकोच असतील, वर्षभर किंवा कधीच, तर तेही ठीक.

७. राग आणि माफी

राग उशिरा येतो. आला की लोक घाबरतात, कारण इतकी वर्षं सगळा स्वतःवरच काढलेला असतो. येऊ द्या. न पाठवायची पत्रं लिहा, उशी बडवा, टेकडी चढा. स्वतःला जखम करावीशी वाटली तर मात्र तो पत्ता चुकलेला राग आहे. त्या दिवशी एकटं राहू नका.

करणारा घरातला असेल तर "घर सांभाळ" म्हणणारे येतात. त्यांना घर शांत हवं असतं, तुम्ही बरं व्हावं हे त्यांच्या यादीत बरंच खाली असतं. समारंभाला न जाणं, गेलात तर एक तास बसून निघणं, सोबत विश्वासातलं माणूस नेणं, हे सगळे चालणारे पर्याय आहेत. समोरासमोर जाब विचारायचा असेल तर आधी ठरवा की तो साफ नाकारणार आहे. बहुतेक वेळा तेच होतं. नकार पचवायची तयारी असेल तरच जा. माफीचं म्हणाल तर ज्यांनी केली त्यांना बरं वाटलं, ज्यांनी नाही केली त्यांनाही बरं वाटलं. मी केलेली नाही.

८. पुन्हा मागे जाणं

सगळं बरं चाललेलं असतं आणि अचानक एका आठवड्यात झोप जाते, चिडचिड होते, दाराची कडी तीनदा तपासली जाते. "इतकं केलं ते वाया गेलं" असं वाटतं. कॅलेंडर काढून बघा. घटनेची तारीख, तो ऋतू, तुमचं मूल तुम्ही होतात त्या वयाचं होणं, बातम्यांत गाजणारा एखादा खटला. कारण बहुधा सापडतं. वहीत लिहून ठेवा : काय झालं, किती दिवस टिकलं, कशाने उतरलं. माझ्या पहिल्या नोंदीत तेवीस दिवस लिहिलेत. गेल्या वर्षी सहा होते.

आता तो महिना जवळ आला की मी त्या दिवसांत नवं काम घेत नाही, थेरपीची वेळ आधीच ठरवून ठेवते, आणि ताईला एका शब्दाचा मेसेज टाकते : "आला."

तिचं उत्तर ठरलेलं असतं. "बरं. फोन चालू ठेवलाय."